वाघोबाचा वळसा

बुधादादा, तुझ्या दहाव्याला ऑफिसातलं कुणी आलं नाही. साहेबांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "शुभांगी, त्या वाडीपर्यंत गाडी जाते का?" जात नाही. किन्हवलीच्या पुढे नाल्यापाशी उतरायचं आणि वीस मिनिटं चढ चढायचा. सहा वर्षांत साहेबांना हे कळलं नाही, कारण दर वेळी तो चढ उतरून खाली यायचास तू. तर मी एकटीच आले. हिरीवहिनीनं मला ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला आणि समोर बसून एवढंच म्हणाली, "मॅडम, तो कामावर मेला, येवढं लिवून द्या." मी चहा प्यायले आणि म्हणाले, बघते. बघते! तुला सहा वर्षं जे उत्तर देत आले, तेच तुझ्या बायकोलाही दिलं.

त्याला आज पाच दिवस झाले. माणूस गेल्यावर लिहितात तसलं गोडगोड मला लिहिता येत नाही. मनमिळाऊ होता, हसतमुख होता, असं तुझ्याबद्दल लिहिलं तर वाडी हसेल. तू कुठला हसतमुख! तोंडात तंबाखू असली की तासभर बोलायचा नाहीस, आणि बोललास की समोरच्याचं तोंड बंद व्हायचं. मला तुझा राग आलाय, दादा. माझा त्याहून जास्त आलाय, पण आधी तुझा. तापानं अंग भाजत असताना आलास कशाला? नाही म्हणता येत नव्हतं? तू नाही म्हणू शकतोस हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. म्हणजे वाघोबासाठी नाही म्हणता येतं आणि स्वतःसाठी येत नाही. धन्य तुझी.

तेव्हा मी कंपनीत नवीन होते. कंपनी म्हणजे काय, शहापुरातल्या दोन खोल्या, साहेब, मी आणि काच जोडायचं एक मशीन. वाशिंदचं गोदाम, मुरबाडचा कारखाना आणि धसईची बँक, यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलावेत म्हणून जमिनीखालून फायबरची केबल न्यायची होती. नकाशे मी काढायचे, जोड मी करायचे, आणि चर खणणाऱ्या टोळीचा मुकादम तू. केबल सोलून आतली काच पहिल्यांदा दाखवली, तेव्हा चिमटीत धरून बघत राहिलास. "डोक्याच्या केसासारखी हाय. यातनं कारखाना बोलनार?" मी तोऱ्यात म्हणाले, यातून उजेड जातो, टोकाकडे बघायचं नाही, दिसत नाही पण डोळे जातात. तू मान हलवलीस. मी जोड करायला बसले, काचेची टोकं कापली आणि तुकडे तिथेच गवतात झटकले.

"उचला ते," म्हणालास.

"काय?"

"ते तुकडं उचला, मॅडम. माझी मानसं अनवानी हायत."

काच केसाएवढी, पायात शिरली तर दिसतही नाही आणि निघतही नाही. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण ऐकलं मी तुझ्याकडून. त्या दिवसापासून चिकटपट्टीवर एक एक तुकडा टिपते आणि बाटलीत टाकते. वाशिंदच्या गोदामात गुळगुळीत फरशीवर बसले तरी टाकते. तिथली पोरं हसतात मला. हसू देत. ही एक गोष्ट मी तुझी ऐकली, दादा. बाकीच्या ऐकायला हव्या होत्या.

मग तुझ्या वाडीमागचा माळ आला. नकाशात माझी रेषा सरळ गेली होती, आणि रेषेच्या बरोबर वाटेत, ऐनाच्या झाडाजवळ, शेंदूर फासलेला वाघोबा. टोळीनं पहारी खाली ठेवल्या. तू म्हणालास, "इथनं लाइन नाय जायाची."

मी म्हणाले, दगडाला कोण हात लावतंय, दोन फूट बाजूनं नेऊ.

"दोन फूट नाय. वाघोबाची बसायची जागा हाय ही सगली. इथं पहार नाय मारायची. आमी नाय, तुमी नाय, आनि तुमचा जेसीबी पन नाय."

"अहो, परवानगी सरळ रेषेची आहे!"

"वाघोबाची घेतली का?"

टोळी फिदीफिदी हसली. मी चिडले, काय वाटेल ते बोलले, अडाणी म्हणाले, तेही आठवतं मला. तू ओरडला नाहीस. पहार खांद्यावर टाकलीस आणि उताराच्या बाजूनं चालत निघालास, टाचेनं मातीत खुणा करत. मोठा वळसा घालून पुन्हा माझ्या रेषेला येऊन मिळालास आणि पलीकडून हाक मारलीस, "आसा न्या." मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "खणू दे त्यांना कुठून खणायचं ते. नकाशात सरळच दाखव. नाहीतर परवानगी पुन्हा पहिल्यापासून."

आणि मी दाखवलं. लाल रंगाची सरळ रेषा, खाली माझी सही. माझा हात चांगला आहे, दादा. खोटंसुद्धा सुबक निघालं.

नकाशा बघायला मागितलास. तुला वाचता येत नव्हतं फारसं, पण नाला ओळखलास, रस्ता ओळखलास, आणि मग बोट माळावर आणून थांबवलंस. "यात वाघोबा कुठं हाय?" मी म्हणाले, कागदावर देव लागत नाहीत. "आनि वळसा?" मी पेनाला टोपण लावलं. तू कागद घडी करून परत दिलास. "खरी लाइन काढ गो बाय." तोपर्यंत मला मॅडम म्हणायचास. माझी लबाडी पकडलीस त्या दिवसापासून मी बाय झाले, आणि तू माझा अरे-तुरेतला दादा. असं नातं दुसऱ्या कुणाशी जुळलं नाही माझं.

वळणावळणावर दगडी खुणा पुरायच्या असतात. साहेबांनी त्या गाळल्या, जी लाइन नकाशात नाही तिच्या खुणा कशाला म्हणून. पण तू चर बुजवून झाल्यावर कोयत्यानं निरगुडीच्या काड्या तोडून आणल्यास आणि प्रत्येक वळणावर एक खोचलीस. मी विचारलं, शोभेला का? "गुरं तोंड नाय लावत हिला," म्हणालास. "ऱ्हाईल."

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण आता मला ते मोठ्यानं सांगायची सवय करायची आहे. लाइन कधी ना कधी बिघडायचीच. घुशी कुरतडायच्या, कुणी बांध घालताना कुदळ मारायचा. बिघाड झाला की मशीन सांगतं, काच इतक्या अंतरावर तुटली. ते अंतर खऱ्या काचेचं. नकाशा सरळ. दोघांचा मेळ कधी बसायचा नाही. मग ऑफिसात एक वाक्य रूढ झालं, "नकाशाला फोन लावा." नकाशा म्हणजे तू. साहेब ते गिऱ्हाइकांसमोर बोलायचे आणि हसायचे. मीही हसायचे. तू यायचास, मशीनचा आकडा ऐकायचास, मनाशी पुटपुटत पावलं टाकायचास आणि टाच मारायचास. "हितं." खणलं की केबल तिथेच. एकदाच तीन हात चुकलास. दिवसभर जेवला नाहीस. लाखाची यंत्रं चुकतात रे दादा, त्यांना कुणी उपाशी ठेवत नाही.

आणि तुझ्या घरात काय? केबल दारापासून चाळीस पावलांवर, आणि फोनला रेंज फक्त चौकटीत उभं राहिलं तर. "आमच्या दारावरनं बँक जाते नि आमी बँकेत जातो धसईला," असं म्हणायचास. मला दर वेळी हसू यायचं. आता ते वाक्य आठवलं की साहेबांच्या कॉम्प्युटरवर पाणी ओतावंसं वाटतं.

दर भेटीत आपलं भांडण ठरलेलं. "दोन दिस काढ. दोघं चालू माळावरनं. मी सांगतो, तू लिव." मी म्हणायचे, पावसाळा होऊ दे. भातं कापून झाली की तूच आठवण करायचास, मी म्हणायचे, मार्चनंतर बघू. मार्चनंतर ऊन असायचं. खरं कारण ऊन नव्हतं. खरी लाइन काढली तर जुन्या नकाशावरची सही खोटी ठरते, आणि घरात कमावती मी एकटी. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? एकदा तू भडकलास, "मी गेलो मंग कोनाला फोन लावशील?" मी म्हणाले, तू कुठला जातोस, तुला वाघोबा राखतोय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यंदा वैशाखात माळावर पाण्याच्या पाइपलाइनचं काम आलं. त्यांचा माणूस रीतसर ऑफिसात आला, म्हणाला, तुमची केबल कुठून जाते ते द्या, आम्ही लांबून खणतो. शहाणा माणूस. मी त्याला नकाशा दिला. सरळ रेषेचा, माझ्या सहीचा. देताना काही वाटलं नाही, सहा वर्षांत मलाच ती रेषा खरी वाटायला लागली होती. ते लोक रेषेपासून लांब राहिले, उताराच्या बाजूनं गेले, आणि बरोबर तुझ्या वळशावर जेसीबी घातला. केबल तुटलेली कुणी पाहिली नाही, की पाहून गप्प बसले, देव जाणे. चर बुजवून पुढे गेले. इकडे गोदाम बंद, कारखाना बंद, बँकेच्या दारात रांग. साहेब माझ्या डोक्यावर उभे. मशीननं अंतर सांगितलं. नकाशाप्रमाणे ती जागा भलत्याच शेतात येत होती. मी नकाशाला फोन लावला.

फोन हिरीवहिनीनं उचलला. "तापानं फनफनलाय तो. तीन दिस झालं. आज नको, मॅडम." मी काय म्हणाले ते मला शब्दान् शब्द पाठ आहे. "वहिनी, फक्त जागा दाखवू दे. दहा मिनिटं." मागून तुझा खोकला ऐकू आला, आणि मग तुझा आवाज, "येतो म्हन." मी आधी फोन ठेवला, मग थँक्यू म्हणाले.

आलास तो डोक्याला फडकं गुंडाळून. डोळे लाल. बुजवलेल्या चराची आठ-नऊशे पावलं ताजी माती पडलेली, एक निरगुडी मुळासकट उपटलेली. तू ती उचलून बाजूला ठेवलीस, मागची निरगुडी बघितलीस, पुटपुटत चाललास, टाच मारलीस. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी म्हणाले, बस आता सावलीत. तर म्हणालास, "ही टोळीतली पोरं नवी हायत, पान्याचा पाइप फोडतील," आणि त्या उन्हात पहार हातात घेतलीस. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, पण मला जोड करायची घाई होती. केबल लागली. तू ऐनाखाली जाऊन बसलास, पाणी मागितलंस. मी मान वर केली तेव्हा तू एका कुशीवर कलला होतास. चौघांनी चादरीची झोळी केली आणि तुला नाल्यापर्यंत नेलं, तिथून गाडीनं शहापूरला.

मी गेले नाही. जोड अर्धा राहिला होता. तुला झोळीत घालून उतरवत होते आणि मी माळावर बसून काच जोडत होते. साहेबांचा फोन आला, "आली लाइन, शाबास!" तुकडे मात्र टिपले बरं का सगळे, एकूण एक, बाटलीत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. डॉक्टर म्हणाले, ताप छातीत उतरलेला होता, त्यात ऊन. मी त्यांना विचारलं, माळावर आलाच नसता तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मला सांगता येतं.

आठवड्यानं साहेबांनी मला बोलावलं, रिपोर्ट लिहायला सांगितला. "केबल पाइपवाल्यांनी तोडली, एवढं लिही. मुकादमाचा उल्लेख नको." मी म्हणाले, तो आपल्या कामावर होता. "कुठं होता?" माळावर, वाघोबाच्या खालच्या अंगाला. साहेबांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. "दाखव. या जागी आपली लाइन आहे का? नाही. मग आपलं काम तिथं कसं असेल? माणूस आजारी होता, माळावर फिरायला गेला, पडला. वाईट झालं." मी म्हणाले, साहेब, नकाशा खोटा आहे, तुम्हाला माहीत आहे. ते शांतपणे म्हणाले, "सही कुणाची आहे, शुभांगी?"

बघ दादा, तुला वाघोबा कागदावर लागत नाही म्हणाले होते ना मी? आता तूही लागत नाहीस.

मी घरी आले आणि रिपोर्ट लिहिला नाही. एवढाच माझा शूरपणा. मग दहावा आला, वहिनीचं ते वाक्य आलं, माझं बघते आलं. परतताना नाला ओलांडला आणि तुझा आवाज कानात वाजला, दोन दिस काढ गो. मला इतका संताप आला, तुझा, माझा, त्या सुबक रेषेचा, की दुसऱ्या दिवशी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आणि किन्हवलीची एसटी धरली. टेप, वही, आणि डोक्याला फडकं.

एका निरगुडीपासून दुसऱ्या निरगुडीपर्यंत मोजत गेले. काही कमरेएवढ्या झाल्यात, एक माझ्या डोक्यावर गेलीय. गुरांनी खरंच तोंड लावलेलं नाही. एका जागी सापडेना, मी तासभर झुडपं धुंडाळली, तुला शिव्या घातल्या, आणि मग लक्षात आलं की ही ती उपटलेली. तू बाजूला ठेवलेली ती निरगुडी तिथेच वाळून पडली होती. मी शेजारच्या झाडाची नवी काडी तोडून खोचली. वैशाखात लागणार नाही हे मलाही कळतं, तरी खोचली आणि बाटलीतलं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी नाल्यापासून उरलेलं मोजलं आणि वाशिंदला घरी येऊन जेवणाच्या टेबलावर लाइन काढली. वाकडी, जशी आहे तशी. वाघोबा काढला, शेंदरी रंगात. ऐन काढला. खाली लिहिलं, जुना नकाशा चुकीचा आहे आणि तो मी जाणूनबुजून चुकीचा काढला. सही केली. या वेळी मात्र अक्षर काही सुबक आलं नाही.

दोन प्रती केल्या. एक उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. नोकरी जाईल, आणखीही काही होईल. गेली तर गेली असं म्हणायची माझी ऐपत नाही. म्हणून दुसरी प्रत आज दुपारीच हिरीवहिनीकडे पोचवली, म्हणजे मला रात्रीतून शहाणपण सुचायला नको.

वहिनीनं कागद ओट्यावर पसरला. मी तिला आधी वाघोबा दाखवला, तू तेच विचारलं असतंस म्हणून. मग वळसा दाखवला, निरगुड्या दाखवल्या. तिनं विचारलं, "आनि तो कुठं बसला व्हता?"

ते मी काढलंच नव्हतं. लाइन काढली, देव काढला, झाड काढलं, आणि तुला विसरले. पर्समधून पेन काढलं, ऐनाच्या मुळाशी ठिपका दिला आणि बाजूला लिहिलं, "तुटलेली लाइन दाखवून व खणून देताना, कामावर असताना, बुधाजी येथे बसले." वहिनीला वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मग त्या ठिपक्यावर बोट ठेवून ती बसून राहिली, आणि उठली ती कागद पत्र्याच्या पेटीत ठेवायलाच. आता तो साहेबांना फाडता यायचा नाही, आणि मलाही नाही.

दोनच दिवस लागले, दादा. तू म्हणाला होतास तेवढेच.